दुरुस्तीनंतरची राखण

नदीवरून पाणी उपसून आणणाऱ्या शेतकऱ्याला पाइपलाइनची एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. फुटलेली लाइन सगळ्यांना दिसते. पाणी रानात पसरते, शेजारी ओरडत येतो, मोटर बंद करायला पोरगे पळते. पण फुटायच्या बेतात आलेली लाइन कुणालाच दिसत नाही. वर ऊस हिरवागार असतो, सरीत पाणी वेळेवर पडत असते आणि जमिनीखाली एखाद्या जागी पाइपाची भिंत रोज थोडी थोडी थकत असते.

पंचायत समितीत शेती विस्ताराचे काम करताना माझी तीस वर्षे अशा गोष्टी बांधावर उभे राहून सांगण्यात गेली. माणसाच्या पोटातही अशीच एक मोठी लाइन असते आणि तीही न दुखता, न खुपता फुगत जाते, हे मात्र मला आमच्या घरातल्या दुखण्याने शिकवले. ते आज वाचक बंधुभगिनींपुढे मांडतो. आपल्या खेड्यांत साठी ओलांडलेले आणि उभा जन्म विडी ओढलेले वडीलधारे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी हे वाचून ठेवावे.

हृदयापासून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती छातीतून खाली येते, पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते आणि बेंबीच्या जवळपास तिचे दोन फाटे होऊन ते दोन्ही पायांकडे जातात. वाटेत मूत्रपिंडांना आणि आतड्यांना तिच्यातूनच फाटे निघतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हृदय हा पंप, महाधमनी ही मेन लाइन आणि बाकीच्या साऱ्या सबमेन नि लॅटरल. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त या लाइनीत ढकलते. पोटात या लाइनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. काही माणसांत वयाबरोबर तिची भिंत दुबळी होते आणि तेवढी जागा फुगू लागते. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फुगली की डॉक्टर तिला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. सायकलच्या जुन्या टायरला फुगा धरतो, त्यातलाच हा प्रकार.

फुगा मोठा झाला की धोका का वाढतो, हे शेतकऱ्याला पटकन कळेल. ४ किलो दाबाचा ६३ मिलिमीटरचा पाइप आणि त्याच ४ किलो दाबाचा ११० मिलिमीटरचा पाइप दुकानात हातात घेऊन पाहा. मोठ्याची भिंत जाड असते. दाब तोच असला तरी व्यास वाढला की भिंतीवर ताण जास्त येतो, म्हणून कारखानदार ती जाड करतो. शरीरात उलटे होते. लाइन जितकी फुगते तितकी तिची भिंत ताणून दुबळी होते. एक दिवस ती फुटते आणि रक्त पोटात उतरते. अशी फुटलेल्या दहा माणसांपैकी सुमारे आठ दगावतात. त्यांतले बरेच जण तर दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

आम्हा भावंडांत आण्णा सगळ्यांत थोरले आणि मी शेंडेफळ. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवले, म्हणून ते मला वडिलांच्या जागी. २०१६ साली ते चौसष्ट वर्षांचे होते. कंबरेत कळ येत होती. मूतखडा असेल म्हणून तालुक्याच्या गावी पोटाची सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण डॉक्टर पडद्यावर बराच वेळ एकाच जागी बघत राहिले. महाधमनी ४.७ सेंटिमीटर फुगलेली होती.

घरी आल्यावर आण्णा म्हणाले, “तिथं तर काही दुखत नाही, खुपत नाही. मग हे खूळ कुठनं आणलं?”

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. “भावजी, एवढं मोठं आहे तर डॉक्टर लगेच का कापत नाहीत? पैशापायी थांबायला सांगत असतील तर तसं सांगा. माझ्या पाटल्या आहेत.”

वहिनींना मी जे सांगितले, ते कपाशीच्या शेतात मी शेकडो वेळा सांगितलेले आहे. कीड दिसली की लगेच फवारा उचलायचा नसतो. किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली की मगच फवारायचे. त्याआधी फवारणीचाच तोटा जास्त. मात्र त्या काळात दर आठवड्याला शेतात फिरून कीड मोजायची असते. या रोगातही डॉक्टरांनी अशी पातळी ठरवलेली आहे. पुरुषांत साधारण ५.५ सेंटिमीटर आणि बायकांत ५ च्या आसपास. त्याच्या आत फुटण्याचा धोका थोडा असतो आणि शस्त्रक्रियेचा धोका त्याहून जास्त. म्हणून थांबायचे, पण ठरल्या वेळी सोनोग्राफी करून मोजत राहायचे. कुठे दुखू लागले किंवा फुगा भराभर वाढू लागला, तर पातळीची वाट पाहायची नाही.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट बजावली ती विडीची. या रोगाचे सगळ्यांत मोठे टाळता येण्यासारखे कारण धूम्रपान हेच आहे. फुगा धरल्यावरही जो ओढत राहतो त्याचा फुगा अधिक वेगाने वाढतो. आण्णा दिवसाला विडीचा एक कट्टा संपवत. ती सुटायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत घरातल्या माणसांनी त्यांची जी बोलणी खाल्ली ती वहिनींनाच ठाऊक.

दर सहा महिन्यांनी मोजणी होत गेली आणि २०१८ च्या सुरुवातीला आकडा ५.६ वर गेला. आता थांबण्यासारखे नव्हते. शहरातल्या शल्यचिकित्सकांनी सीटी स्कॅन करवले आणि दोन वाटा पुढे ठेवल्या.

पहिली वाट जुनी आणि खात्रीची. पोट उघडायचे, महाधमनी काही वेळ चिमट्याने बंद करायची, फुगलेली जागा उघडून तिथे कापडाची नळी शिवायची. १९५१ साली पॅरिसमध्ये डॉ. शार्ल द्युबोस्त यांनी मृत माणसाच्या शरीरातली महाधमनी वापरून फुगलेला भाग बदलला, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. त्याआधी फारसा इलाजच नव्हता. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आईन्स्टाइन यांनाही हाच रोग होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडून फुगलेल्या धमनीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. भोवती घट्ट कवच तयार व्हावे, हा हेतू. त्यावर आईन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये धमनी फुटली, त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हटले आणि ते गेले.

कापडाच्या नळीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डीबेकी यांनी १९५० नंतरच्या दशकात दुकानातून डेक्रॉनचे कापड आणले आणि घरच्या शिलाई मशिनीवर नळ्या शिवून पाहिल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकवलेले होते. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आपण ज्याला टेरिलीनचा सदरा म्हणत होतो, त्याच जातीचा धागा. रक्तात तो कुजत नाही, म्हणून आजही अशा नळ्या त्याच धाग्याच्या विणतात.

दुसरी वाट नवी. पोट उघडायचेच नाही. दोन्ही जांघांतल्या धमन्यांतून बारीक तार वर सरकवायची आणि तिच्यावरून घडी केलेली नळी फुगलेल्या जागेपर्यंत न्यायची. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत तिथे ती उघडायची. या नळीला धातूच्या तारेचा सांगाडा असतो, त्याला स्टेंट म्हणतात. उघडली की ती वर आणि खाली धडधाकट भिंतीला आतून घट्ट टेकते. मग रक्त नव्या नळीतून वाहते. बाहेरच्या फुगलेल्या पिशवीवरचा दाब जातो. तिच्यातले रक्त गोठते आणि सगळे ठीक असेल तर पिशवी हळूहळू आक्रसते. खाली धमनीचे दोन फाटे होतात, म्हणून नळीही विजारीसारखी दोन पायांची असते. एक पाय आखूड ठेवलेला असतो. त्याला दुसऱ्या जांघेतून पुढचा तुकडा आणून आतल्या आत जोडतात.

आण्णांना हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले. ते बघून आण्णा म्हणाले, “म्हणजे जुन्या सिमेंटच्या लाइनीत आतनं नवा पाइप सरकवायचा. चर न उकरता!” डॉक्टर हसले. म्हणाले, “अगदी तेच.”

१९८७ साली त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या खारकीव शहरात डॉ. निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत अशी नळी आतून बसवली होती. पोटातल्या फुग्यासाठी ही युक्ती जगाला माहीत झाली ती अर्जेंटिनातून. ब्वेनोस आयरेसचे डॉ. हुआन पारोदी १९७६ पासून या कल्पनेच्या मागे होते. स्टेंट तयार करणारे डॉ. हुलिओ पाल्माझ हेही मूळचे अर्जेंटिनाचेच. सप्टेंबर १९९० मध्ये पारोदींनी पाल्माझ यांचा स्टेंट आणि डेक्रॉनची नळी मिळून पहिल्या रोग्याच्या पोटात बसवली. पोट उघडणे झेपणार नाही अशांसाठी त्यांनी हा मार्ग शोधला होता. पुढे अनेक कारखान्यांनी नळ्या सुधारल्या आणि आपल्या देशातल्या मोठ्या शहरांतही हे काम होऊ लागले.

दोन वाटांतली कोणती धरायची? आम्ही तिघे बसलो आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारले. त्यांनी ब्रिटनमध्ये झालेली एक मोठी तुलना सांगितली. दोन्ही उपचार झेपतील अशा रोग्यांचे दोन गट करून ती केलेली होती. २००४ साली तिचे आकडे आले. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत पहिल्या ३० दिवसांत शंभरांत सुमारे पाच रोगी गेले, आतून नळी बसवलेल्यांत दोनहून कमी. म्हणजे नवी वाट सरस. पण त्याच रोग्यांवर पुढे पंधरा वर्षे लक्ष ठेवले. २०१६ साली जे आकडे निघाले त्यांत चित्र फिरले होते. सुरुवातीचा फायदा काही वर्षांत संपला आणि आठ वर्षांनंतर याच रोगाने होणारे मृत्यू आतून नळी बसवलेल्यांत जास्त झाले. मुख्य कारण एकच, जुनी पिशवी पुन्हा फुटणे.

हे ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, “ताई, घाबरू नका. पोट उघडून शिवलेली नळी टाक्यांनी धरलेली असते. आतून बसवलेली मुख्यतः दाबाने धरलेली असते. म्हणून तिच्यावर जन्मभर नजर ठेवावी लागते. नजर ठेवणार असाल तर हा उपचार चांगला आहे. ठेवणार नसाल तर आत्ताच सांगा.”

आण्णांची फुप्फुसे विडीने खिळखिळी झालेली. पोट उघडण्याचा धोका त्यांना जास्त होता. मूत्रपिंडांच्या फाट्यांखाली नळी टेकायला धमनीचा पुरेसा चांगला भाग शिल्लक होता. तो सगळ्यांकडे नसतो आणि नसला तर साधी नळी बसत नाही. म्हणून आम्ही आतून नळी बसवायचे ठरवले. नळीचीच किंमत लाखांत होती. उसाचे बिल, सोसायटीचे कर्ज आणि पुतण्याची शिल्लक मिळून रक्कम उभी राहिली. वहिनींच्या पाटल्या तेवढ्या वाचल्या. चौथ्या दिवशी आण्णा घरी आले. दोन्ही जांघांत छोट्या पट्ट्या, बाकी अंगावर काही खूण नाही. गावातली माणसे बघायला आली ती चकितच झाली.

आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. पोटावर वीतभर जखम असती तर माणसाला आपण रोगी आहोत याची रोज आठवण राहिली असती. आण्णांना महिन्याभरातच वाटू लागले की काम संपले. पहिल्या महिन्याचे स्कॅन झाले, सहा महिन्यांचे झाले, वर्षाचे झाले. एकदा थोडे रक्त बाजूच्या बारीक फाट्यांतून उलटे पिशवीत झिरपताना दिसले. डॉक्टर म्हणाले, अशी गळती पुष्कळांत असते, पिशवी वाढत नाही तोवर नुसते पाहायचे. २०२० साली टाळेबंदीत तारीख हुकली. २०२१ मध्ये पुन्हा सांगितले तेव्हा उसाला तोड आली होती.

आण्णा म्हणाले, “टोळी दारात आहे आणि मी शहरात जाऊन पोटाचे फोटो काढत बसू? एकदा दुरुस्त केलंय ना?”

मी म्हणालो, “आण्णा, मागं ओढ्याजवळची लाइन जोडून घेतली, तेव्हा पुढं तीन पावसाळे तुम्ही स्वतः तिथं जाऊन माती ओली आहे का बघत होता. का बघत होता?”

“जोड कधी सुटेल सांगता येत नाही म्हणून.”

“मग पोटातल्या जोडाला काय वेगळा न्याय?”

ते काही बोलले नाहीत. पण वहिनींनी तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून टाकली होती आणि पुतण्याने टोळी सांभाळायची जबाबदारी घेतली. डिसेंबरात आण्णा गेले. पिशवी मागच्या मापापेक्षा ६ मिलिमीटर वाढली होती. विजारीचा उजवा पाय खालच्या टोकाला जिथे भिंतीला टेकतो, तिथली भिंत रुंदावली होती आणि त्या फटीतून रक्त पूर्ण दाबाने पिशवीत जात होते. ही गळती पहिल्यासारखी नुसती पाहत बसण्याची नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये त्याच जांघेतून आणखी एक तुकडा आत सरकवून तो पाय लांबवला. गळती बंद झाली. पुढच्या मापात पिशवी थांबली, त्यापुढच्यात थोडी आक्रसली.

या साऱ्या काळात आण्णांना कुठेही दुखले नव्हते. कळ आली की दवाखाना ही आपली जुनी रीत. या रोगात ती रीत घात करते.

म्हणून वाचकांना चार गोष्टी सांगतो. घरात पासष्टीच्या पुढचा पुरुष असेल आणि त्याने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली असेल, तर एकदा डॉक्टरांना विचारून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती सुई न टोचता, काही मिनिटांत होते. वडिलांना किंवा भावाला हा रोग असेल तर जास्तच जपावे. तपासणी माझीही झाली आहे. हा रोग बायकांत कमी दिसतो, पण त्यांच्यात फुगा लहान असतानाही फुटतो. म्हणून त्यांना वगळू नये.

वयस्क माणसाला पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली, घाम सुटला, चक्कर येऊन तो कोसळला, तर मूतखडा किंवा गॅस समजून घरी लेप लावत बसू नये. १०८ ला फोन करून थेट मोठ्या इस्पितळात न्यावे. पूर्वी फुगा सापडलेला असेल तर ते आधी सांगावे आणि जुने कागद बरोबर न्यावेत.

खर्चाच्या बाबतीत जमीन गहाण टाकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आपल्या रोग्याचा उपचार योजनेत बसतो का आणि किती बसतो, हे त्याच्याकडून लेखी समजून घ्यावे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा साखर असेल तर सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टरांना सांगावे, कारण त्यात टोचतात ते औषध मूत्रपिंडांना बाधू शकते.

शेवटची गोष्ट घरातल्या लेकी-सुनांना आणि पोरांना. नळी बसवून माणूस हसत घरी आला की त्याच दिवशी पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा. पेरणी, तोड, लग्नसराई यांतले काहीही त्या तारखेवर आले तरी ती खोडू नका. नळी बसवणे डॉक्टरांचे काम, तिची राखण मात्र घरानेच करायची असते.